बक्षिसी न घेणारं घर

आमच्या घरात 'मॉडेल' हा शब्द कधी कुणी तोंडातून काढला नाही. आई म्हणायची 'फोटोचं काम', बाबा म्हणायचे 'ते', आणि समोरच्या काकू म्हणायच्या, "तुमची पोरगी कॅलेंडरवर लागली म्हणे!" जसं काही बँकेतच लागले होते.

झालं असं, की बाबांच्या मिलला टाळं लागलं त्याच सुमारास इंदूरच्या कपडा मार्केटला रंगीत फोटोंचं वेड लागलं. घरोघरी केबल आली होती. बायका टीव्हीवर बघून साड्या मागायला लागल्या होत्या, आणि प्रत्येक सेठला वाटायचं, आपल्या दुकानाचं पण चकचकीत कॅलेंडर पाहिजे, त्यावर बाई पाहिजे, आणि बाई मुंबईहून आणायचा खर्च तर बिल्कुल नको. आमच्या मोहल्ल्यात एक फोटोग्राफर होता, सगळे त्याला भिया म्हणायचे, इंदुरी बोलीत भैया. पासपोर्टचे फोटो काढायचा, लग्नाचे काढायचा. त्यानं मला एका लग्नात पाहिलं, म्हणजे कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात हजर. "बाबूजी, बहनजी का फेस एक नंबर है. साड़ी का काम है, एकदम शरीफ़ काम."

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मनातून उड्या मारत होते, पण चेहरा असा केला की मला काय त्याचं.

बाबा नाही म्हणाले. आई हो म्हणाली. आई हो म्हणाली ते माझ्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू! बाबा मिलच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होते. सगळ्या मिलची हजेरी त्यांच्या हातात. आता मिल बंद, हजेरी कुणाची घेणार? तर आईची. दूधवाला उशिरा का आला, वरणाआधी भात का लावला, मोलकरीण गेली की पळाली. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा बुशशर्ट घालून बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, आणि आई भाकरीच्या पिठावर राग काढायची. "जाऊ द्या तिला," आई म्हणाली, "आणि तुम्ही जा सोबत. तरण्याताठ्या पोरीला एकटी कशी पाठवायची?" शेवटचं वाक्य बाबांना पटलं. त्यांना काम मिळालं होतं.

बाबांनी भियाला अटी घातल्या. फोटो काढताना ते समोर असतील. मेहनताना पाकिटात घालून त्यांच्या हातात द्यायचा. आणि वर एक पैसा नाही. "मेहनताना वेगळा, बक्षिसी वेगळी," बाबा म्हणाले. "मेहनताना कामाचा असतो. बक्षिसी देणाऱ्याच्या मर्जीची." हे मी जन्मापासून ऐकत आले होते. दिवाळीला कामगार मिठाईचे डबे घेऊन यायचे, बाबा दारातूनच हात जोडून परत पाठवायचे. सगळ्या मिलमध्ये त्यांचं नाव होतं त्यासाठी. आईचं मत वेगळं होतं, पण तिला कोण विचारतंय.

पहिलं काम झालं एका हवेलीच्या छतावर. सकाळपासून सात-आठ साड्या बदलल्या. बाबांनी एका साडीला बोट लावलं आणि म्हणाले, "हे कापड आहे की पन्नी?" सुरतेचा सिंथेटिक माल होता. सुती मिलमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तो कुठून आवडायला! काम संपलं, भियानं पाकीट बाबांना दिलं आणि म्हणाला, "थैंक्यू बाबूजी, आपने बहुत साथ दिया." मी तिथंच उभी होते. पिना टोचून टोचून माझी कंबर चाळणी झालेली, हसून हसून गाल आखडलेले, आणि थँक्यू कुणाला? बाबांना! माझी तर सटकलीच. आजही कुणी फोटोवाला मला विचारतो, मॉडेलला टिप द्यावी का, काय द्यावं, तर मी म्हणते, बाबा रे, आधी तिच्याकडे तोंड करून बोल तर खरं.

मी तसं भियाला ऐकवलं. तो बिचारा शरमला, आणि संध्याकाळी आमच्या घरी लवंग-शेवेचं किलोभर पुडकं घेऊन आला. "बहनजी के लिए." इंदूरमध्ये कुणाचे आभार मानायचे तर शेवच देतात, त्यात गैर काय? पण बाबांनी पुडकं परत केलं. भियानं दुसऱ्या दिवशी पुन्हा आणलं. बाबांनी पुन्हा परत केलं. आई दारामागून बघत होती. "अहो, त्या शेवेनं तुमचं काय घोडं मारलंय?" ती म्हणाली. "ही बक्षिसी आहे," बाबा म्हणाले. तिसऱ्यांदा भियानं अक्कल वापरली. पुढच्या कामाला त्यानं छतावरच, काम चालू असताना, पोहे-जिलबी मागवली. बाबांनी थोडा विचार केला आणि प्लेट घेतली. कामावर खाल्लं तर तो पाहुणचार, घरी आणलं तर बक्षिसी, असा निकाल लागला.

कॅलेंडर लागलं. देपालपूर, हातोद, सगळीकडच्या कपड्याच्या दुकानांत मी भिंतीवर. माझा मामा मानपूरला चहा प्यायला उतरला तर तिथंही मीच, भट्टीच्या वर, धुरात! भियाला कामं मिळत गेली, मलाही. पण बाबा भारी पडायला लागले. ते भियाला ज्युनियर क्लार्कच समजायचे. "तुम्ही सव्वानऊ म्हणाला होता." "पदर नीट घे." "इतकं हसायची काय गरज आहे?" आणि बोलता बोलता थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहायचे. शेवटी भियानं डोकं लढवलं. उन्हात फोटो काढताना एक मोठी पांढरी थर्माकोलची शीट कुणीतरी धरावी लागते, ऊन तिच्यावर पडून तोंडावर उजेड येतो. भियानं ती शीट बाबांच्या हातात दिली. "बाबूजी, ये सबसे जरूरी काम है."

बस्स! बाबा बदललेच. डोक्याला पंचा गुंडाळून, दोन्ही हातांनी शीट धरून ते तासन्‌तास उभे राहायचे, एक शब्द न बोलता. घरी येऊन आईला सांगायचे, "आज उजेड बरोबर पडला." स्वयंपाकघराच्या दारात येणं बंद झालं. आई एकदा मला म्हणाली, "तुला काय मिळतं ते राहू दे, पण हे काम सोडू नकोस हं." तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

आणि मग बाबांनी घोळ घातला. वैशाखाचं ऊन, शीटवरचा उजेड सरळ माझ्या डोळ्यांत. मी डोळे मिचकावत होते. भियाचं लक्ष कॅमेऱ्यात, आणि बाबांचं लक्ष माझ्याकडे. पोरीच्या डोळ्यांत ऊन जातंय म्हणून त्यांनी शीट हळूच तिरकी केली. दर फोटोला हळूच तिरकी. त्या वेळी फोटो कसा आला ते रोल धुतल्यावरच कळायचं. रोल धुतले, आणि सगळ्या साड्या झगमगीत, पण माझं तोंड काळंठिक्कर. सेठ भडकला. भियाला पुन्हा सगळं काढून द्यावं लागलं, पदरचे पैसे घालून.

त्या पुन्हाच्या कामाच्या सकाळी भियानं मला जिन्यात गाठलं. "मैडम, बुरा मत मानना. आज सेठ खुद आ रहे हैं, तो आज कुछ नहीं बोलूँगा. पर कल से बाबूजी नहीं. मम्मीजी को ले आओ, किसी को भी ले आओ. आप ही बता देना उनको, मुझसे नहीं होगा."

त्याची चूक नव्हती. पण एकदा मिलचं फाटक बंद झालेलं त्या माणसानं पाहिलं होतं, आता दुसऱ्यांदा मी बंद करायचं? आणि सांगायचं काय, की बाबा, तुम्ही थर्माकोल धरायला पण चालत नाही? मी त्यांना एवढंच म्हटलं, "मला ऊन लागत नाही हो, शीट सरळ धरा." "बरं," ते म्हणाले. आणि दिवसभर सरळ धरून उभे राहिले. मी दर साडीला ठरवायची, ही झाली की सांगते. ती झाली की म्हणायची, पुढची झाली की.

दुपारनंतर सेठ आला. मोठ्या दिलाचा माणूस, पान खाऊन तोंड लाल. त्यानं पहिल्यांदाच काम चाललेलं पाहिलं आणि खूश झाला. शेवटचा फोटो निघाल्यावर सरळ माझ्याकडे आला, डोक्यावर हात ठेवला आणि माझ्या हातात एक नोट दिली. "ले बेटी, खुशी से दे रहा हूँ." मी सवयीनं बाबांकडे पाहिलं. ते शीट काखेत घेऊन तरातरा आमच्याकडे येत होते, तोंड उघडलेलं, ओठांवर शब्द तयार. कुठला शब्द ते मला ठाऊक होतं. मी नोट परत करायला हात पुढे केला पण होता.

सेठ वळला. त्यानं पाहिलं, घामानं निथळणारा, डोक्याला पंचा बांधलेला एक म्हातारा. त्यानं दुसरी नोट काढली आणि बाबांच्या बुशशर्टच्या खिशात खोचली. "लो काका, तुम भी चाय-पानी करना. सुबह से धूप में खड़े हो. मेहनती आदमी हो."

भियाचा चेहरा पांढराफटक. "सेठजी, ये तो..." तो म्हणायला लागला. आता बाबा काय करतील, नोट फेकतील, की सेठला दोन गोष्टी सुनावतील? मिलचा हेडक्लार्क! मला सेठचा राग आला, भियाचा आला, माझा स्वतःचा आला.

बाबांनी हात वर करून भियाला थांबवलं. खिशाकडे पाहिलं. मग सेठला म्हणाले, "जी, सेठजी." तेवढंच. आणि भियाकडे वळून विचारलं, "कल कितने बजे आना है?"

भिया माझ्याकडे बघायला लागला. मी त्याच्याकडे बघितलंच नाही, मुद्दाम. हरामखोरपणा म्हणा हवं तर. शेवटी तो म्हणाला, "साढ़े आठ, बाबूजी."

"आठ बजे पहुँच जाऊँगा," बाबा म्हणाले. रोज ते 'हम लोग आएँगे' म्हणायचे.

घरी आल्यावर बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि दोन्ही नोटा आईच्या हातावर ठेवल्या. "ही हिची," ते म्हणाले. "ही माझी."

आईनं नोटा देवापुढे ठेवल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "मग उद्या डबा किती वाजता देऊ?"