बोटीच्या जागी मुलगी

माणसं सुधारण्याची पुस्तकं इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा उद्योग. चौदा वर्षं झाली. भीतीवर मात कशी करावी, समोरच्याला नाही कसं म्हणावं, मुलांशी कसं बोलावं, पहाटे कसं उठावं, सगळं माझ्या हातून गेलं आहे. इथे कन्नड मुलखात, राजाजीनगरातल्या आमच्या घरात बाल्कनीला लागून एक छोटी खोली आहे, तिथे बसून मी हे करते. बसून म्हणते ते सवयीने. मला बसवत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, कुकर बघते, बाल्कनीत जाते, खालून पालेभाजीवाला "अक्का, सोप्पू!" म्हणून ओरडतो त्याला उगाच नको म्हणते आणि परत येऊन तीच ओळ पुन्हा खोडते. मन शांत ठेवण्यावरचं पुस्तक करत होते त्या तीन महिन्यांत मी दोनदा रक्तदाब तपासून घेतला. नवरा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर, फार बोलत नाही, पण बोलला की लागतं. तो म्हणतो, या पुस्तकांनी माणूस बदलत नाही याचा पुरावा मी रोज घरात फिरताना बघतो.

त्याचं मी मनावर घेत नसे. मला खात होतं ते मुलीचं गप्प राहणं. ती पंचवीस वर्षांची. बोम्मसंद्राला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात तिला नोकरी लागली होती. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस पकडायला बाहेर पडायची, संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला परत. आमचं भांडण नव्हतं. विचारलं की उत्तर मिळायचं: हो, बरं, सरी. पण आपण होऊन ती मला काही म्हणजे काही सांगत नसे. तिला बढती मिळाली हे मला तिच्या बाबांनी सांगितलं. तिची अक्कलदाढ काढली हे मला गाल सुजलेला बघून कळलं. शेजारच्या अक्कांना तिच्या कँटीनमधल्या सांबाराची चव माहीत होती, मला नव्हती. मुलीने मला काहीतरी सांगावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्यापायी मी घरभर येरझाऱ्या घालत होते.

पुस्तकांतले उपायही करून पाहिले. वाक्य 'तू'ने सुरू करू नये, 'मला'ने करावं, असं एकात होतं. एका संध्याकाळी ती बूट काढत होती तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मला ना, घरात हल्ली फार एकटं वाटतं."

तिने वर बघितलंसुद्धा नाही. "आई, कुठलं प्रकरण चालू आहे?"

ती अशी का झाली ते मला ठाऊक होतं, आणि हे सांगताना आजही मला खुर्चीत नीट बसता येत नाही. ती इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा दोन विषयांत नापास झाली आणि तिने ते दीड महिना घरात लपवलं. मला कळलं ते भर बाजारात. तिच्या वर्गातल्या एका मुलीची आई भेटली आणि कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी उभी राहून मला म्हणाली, "दोनच विषय आहेत हो, काळजी करू नका." मी घरी आले. मुलगी अभ्यासाच्या टेबलाशी बसली होती. मी तिला म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवला हीच माझी चूक झाली." आणि पुढचे अकरा दिवस मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ताट वाढायचे, समोर ठेवायचे आणि निघून जायचे. बाराव्या दिवशी मी बोलायला लागले, पण तोवर तिने बोलायचं थांबवलं होतं.

या सगळ्याला चार वर्षं झाली असतील, तेव्हा पालकांसाठीचं एक पुस्तक माझ्याकडे आलं. त्यातल्या एका प्रकरणात एक मुलगा वडिलांची बोट तळ्यातल्या खडकावर आपटतो आणि भीतीने आठवडाभर सांगत नाही. पुण्याहून संपादकांचा फोन आला. "मॅडम, बोट नको. बोट कुणाकडे असते? मूळ प्रकाशकाची परवानगी घेतली आहे आपण, आपल्याकडचं काहीतरी टाका."

असं टाकणं नेहमीचंच. बर्फाच्या जागी चिखल घालायचा, टर्कीच्या जागी पुरणपोळी. त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. उठले, बसले, पुन्हा उठले. मग बोटीच्या जागी मी माझी मुलगी टाकली. दोन विषय टाकले, दीड महिना टाकला, कोथिंबीरसुद्धा टाकली. फक्त शेवट बदलला. माझ्या उताऱ्यातली आई घरी येते, मुलीजवळ जाऊन बसते, तिच्या पाठीवर हात ठेवते आणि म्हणते, "मार्क परत मिळवता येतील. पण तू माझ्यापासून लपायला लागलीस तर मी काय करू?" मुलगी रडते, आणि त्या दिवसापासून आईला सगळं सांगू लागते.

आमच्या मुलीला मराठी बोलता येतं, तेही मधूनमधून कन्नडचा आधार घेत. शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं ओळखते, पण मराठी पुस्तक तिने कधी उघडलेलं नव्हतं. इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं अशीच. आपण लिहिलेलं आपल्याच घरात कोणी वाचणार नाही, याची मला खात्री होती. खरं सांगायचं तर त्या खात्रीच्या जोरावरच मी ते लिहिलं.

पुस्तक चाललं. आणि पत्रं आली ती नेमकी त्याच उताऱ्यावर. एका बाईंनी लिहिलं की तो वाचून त्या मुलाच्या खोलीत गेल्या आणि त्याला जवळ घेतलं. मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. भेट म्हणून आलेल्या प्रती मी माळ्यावर टाकल्या आणि पुढचं पुस्तक हातात घेतलं.

यंदाच्या एका गुरुवारी संध्याकाळी मी घेवडा मोडत होते. मुलगी बाहेरून आली, सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि ते पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून म्हणाली, "हे तू लिहिलंस?"

"अगं, भाषांतर आहे ते."

"हे." तिने उताऱ्यावर बोट ठेवलं. "मी कष्टाने वाचलंय. जोडाक्षरांना मला वेळ लागतो. काही चुकलं असेल. तू वाच."

मी वाचलं. दुसरं काय करणार होते? आईचं वाक्य आलं तेव्हा मी ते भरभर वाचून टाकलं.

"स्वल्प हळू," ती म्हणाली. "ते परत वाच."

मी परत वाचलं. माझंच वाक्य, पण माझ्याच तोंडात शोभत नव्हतं.

"हे तू मला कधी म्हणालीस?"

"नाही म्हणाले."

"मी अकरा दिवस वाट बघत होते, आई. टेबलाशी बसून. तू येशील आणि असंच काहीतरी म्हणशील असं वाटायचं. तू ताट ठेवून जायचीस." तिचा आवाज चढला नव्हता, त्याने मला जास्त घाबरायला झालं. "मला वाटायचं, आईला असलं बोलता येतच नाही, तर जाऊ दे. तुला तर येत होतं. तू ते लोकांना दिलंस."

मी सारवासारव करायला लागले. उदाहरण चांगलं हवं असतं, वाचकाला काही मिळायला हवं असतं, संपादकांनी सांगितलं होतं. आणि मला माझाच इतका राग आला की हातातली घेवड्याची शेंग मी ताटलीत आपटली.

"येत नव्हतं मला," मी म्हणाले. "तेव्हा खरंच येत नव्हतं. मी घाबरले होते. ती बाई बाजारात माझी समजूत काढत होती आणि मला साधं माहीतही नव्हतं. दीड महिना तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस आणि मला काही दिसलं नाही. मी कसली आई, असं वाटलं. ते सहन होईना, म्हणून तुझ्यावर ढकललं. अकरा दिवस तुझ्यावर रागावले नव्हते मी. तुझ्यासमोर यायचं कसं, तेच कळत नव्हतं."

हाताला काहीतरी हवं म्हणून मी पुस्तक मिटलं, तर पाठच्या पानावर निळा शिक्का दिसला.

"ही आपल्या घरातली प्रत नाही."

"जयनगरच्या वाचनालयातली आहे. तिथे एक मराठी कपाट आहे. पाठीवर तुझं नाव दिसलं म्हणून काढलं."

"जयनगरला कशाला गेली होतीस? शनिवारी?"

"रोज जाते," ती म्हणाली, आणि ओट्याची कड धरून उभी राहिली. "तीन आठवडे झाले. आमचा विभागच बंद केला, आई. नोकरी गेली."

तीन आठवडे मी रोज सकाळी सव्वासहाला दारात उभं राहून तिला हात केला होता. तिच्या पाठीवर बॅग असायची, हातात पाण्याची बाटली. पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर, आणि पुन्हा मला काही दिसलं नव्हतं. विश्वासाचं तेच वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. चौदा वर्षांत मराठीत आणलेल्या शहाण्या वाक्यांपैकी एकही मदतीला आलं नाही. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती. सतरंजीवर पडलेलं मूल रडावं की हसावं हे ठरवण्याआधी आईकडे बघतं, तशी.

"मला भीती वाटतेय," मी म्हणाले.

"मला पण," ती म्हणाली. मग तिने पाठीवरची बॅग काढून खाली ठेवली आणि कारखान्यात त्या दिवशी सकाळी त्यांना कुठल्या खोलीत बोलावलं, कोण काय म्हणालं, सगळं पहिल्यापासून सांगायला लागली.