अभिजितचा वर्णपट

दोन हजार सालच्या आसपास मी बोरगाव मेघेत भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. संध्याकाळी गच्चीवर जुना रोलचा कॅमेरा तिपाईवर लावायचा. भिंगापुढे चिकटपट्टीने एक जाळी बसवलेली होती, म्हणजे अतिशय बारीक रेघांची पारदर्शक फिल्म. तिच्यातून ताऱ्याचा प्रकाश रंगांत फाकतो आणि त्या रंगांमधल्या काळ्या रेषा ताऱ्यात काय आहे ते सांगतात. त्या मला स्वतः टिपायच्या होत्या. शाळेत याबद्दल ज्याच्याशी बोलावं असं कुणी नव्हतं. "सर, लग्न करा, मंग दिवसाच तारे दिसते," एवढंच ऐकायला मिळे.

पहिला रोल स्टुडिओवाल्याने छापलाच नाही. "नुसता काळा हाय, सर. झाकण काढाले विसरले असान." आग्रहाने छापून घेतला, तर फक्त रंगांचा फराटा. रेषा नाहीत. चूक कळायला बरेच दिवस गेले. कॅमेरा स्थिर असतो, तारा सरकतो. माझे रंगही त्याच दिशेने पसरत होते, म्हणून रेषा पुसल्या जात होत्या. जाळी काटकोनात फिरवली. मग ताऱ्याच्या सरकण्यानेच रंगांची बारीक रेघ रुंद होऊन पट्टा तयार झाला. पुढच्या रोलमध्ये अभिजित ताऱ्याच्या पट्ट्यात, निळ्या भागात दोन काळ्या रेषा होत्या. हायड्रोजनच्या! स्टुडिओच्या काउंटरपाशी मी आजूबाजूला पाहिलं. सांगायला कोणी नव्हतं.

शनिवारी तो फोटो घेऊन देवळीला घरी गेलो. बाबांनी जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहून मला बी.एस्सी. केलं होतं. त्यातून काय निघालं ते त्यांनी एकदा पाहावं, एवढीच इच्छा होती.

"हा ताऱ्याचा वर्णपट, बाबा."

त्यांनी झटकन वर पाहिलं. "वर्ण? आभाळातबी हाय काय ते?"

माझे आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन आलेले. आमच्या घरात या शब्दाला एकच अर्थ होता. मी म्हणालो, "नाई बाबा, वर्ण म्हणजे रंग."

"मंग रंगपट म्हण ना! शिकलेल्या लोकायले सोपं बोलता येत नाई." ते हसले. मग म्हणाले, "चाल, दाखव कोणता तारा तो."

अंगणात आलो. अभिजित वायव्येला होता. मी बोट दाखवलं.

"दिसला. लाल हाय ना?"

"तो टॉवरचा लाइट हाय, बाबा. त्याच्या वर, पांढरा."

डोळे बारीक करून ते बराच वेळ पाहत राहिले. मोतीबिंदू तेव्हा नुकता सुरू झाला असावा. आम्हाला माहीत नव्हतं.

"मले नाई दिसत, बाबू," ते शेवटी म्हणाले. "तुले दिसते ना? झालं मंग."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आत जेवायला गेले. मी तिथेच उभा राहिलो. तारा स्वच्छ दिसत होता, आणि तो पाहणारा त्या अंगणात मी एकटाच होतो.