आबांच्या कोटावरची सोनसावर

फोटोवाले नाना फोटो काढताना श्वास रोखायचे. पण स्वतःच्या श्वासावर त्यांचं भागत नसे. आसपास जो कोणी असेल त्यालाही ते श्वास रोखायला लावायचे. "आते कोणी श्वास सोडानं नही!" असं त्यांनी बजावलं, की नवरदेव, करवल्या, भटारी, वाजंत्रीवाले सगळे गाल फुगवून उभे. खटका दाबला की "हां, सोडा" म्हणायचं, हा त्यांचाच नियम. तो ते पुष्कळदा विसरायचे. एकदा अनेर नदीच्या घळीत एक बकऱ्या चारणारा म्हातारा यात सापडला. फोटो काढून नाना पुढच्या खडकावर पोचले तरी तो बिचारा डोळे वटारून तसाच. शेवटी नानांच्या बायकोनं, म्हणजे अक्कानं, त्याच्या पाठीत थाप मारून त्याला मोकळं केलं.

"नाना, दहा हातांवर उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासानं फूल हलतं होय?" मी विचारलं होतं.

"हालस, ताई," नाना म्हणाले. "तुम्ही पुस्तकम्हा वाचं नही व्हई."

मी वनस्पतिशास्त्राची एमएस्सी. शिरपूरच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेले. नाना सातवी पास. पण फुलांच्या बाबतीत मला असं गप्प करायचा हक्क त्यांना होता आणि तो त्यांनी कधी वाया घालवला नाही.

माझी खोली त्यांच्या स्टुडिओच्या वरच होती. खाली काळा पडदा, दोन छत्र्या, एक लाकडी घोडा आणि पाठीमागे रंगवलेलं काश्मीर. त्या काश्मीरसमोर सगळ्या शिरपूरनं बसून घेतलं होतं. नानांना मात्र त्याचा मनापासून कंटाळा. लग्नाच्या रोलच्या शेवटी दोन-तीन फ्रेम उरल्या, की त्या ते धुवायला पाठवण्याआधी फुलांवर खर्च करायचे. "लगीन त्यास्नं, शेपटी मनी," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्याकडच्या फुलांच्या निगेटिव्ह सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या वरातीला चिकटलेल्या. रस्त्याकडेचा पिवळा धोत्रा, नदीतल्या वाळूतली जांभळी भुईरिंगणी, असली कोणी ढुंकून न पाहणारी फुलं. मी त्यांची शास्त्रीय नावं सांगितली की ते मान डोलवायचे आणि पुन्हा धोत्राच म्हणायचे.

रंगीत रोल तेव्हा आमच्या भागात नवे होते आणि धुवायला धुळ्याला जायचे. अर्धवट वापरलेला रोल कॅमेऱ्यातून काढायची वेळ आली, तर नाना तो उलटा गुंडाळायचे, पण पुरता नाही. फिल्मची टोकाची जीभ डबीबाहेर ठेवायचे. "जीभ बाहेर, तं रोल जित्ता. जीभ मजार, तं खलास." कोरा रोलही जीभ बाहेर काढलेलाच असतो. म्हणून अर्धवट रोल ओळखू यावा यासाठी ते डबीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर आकडा लिहायचे. इतक्या फ्रेम झाल्या. पुन्हा चढवताना भिंगावर टोपण ठेवून तेवढ्या फ्रेम पुढे सरकवायच्या, की झालं. या आकड्यासाठी त्यांच्या कानावर लाल पेन्सिलीचा एक तुकडा कायम असे. अंघोळीलाही तो उतरत नाही, असं अक्का सांगायची.

माझं लग्न ठरलं त्या फाल्गुनात मी नानांना म्हटलं, "नाना, आता मी जळगावला जाणार. एकदा सबंध रोल फक्त फुलांचा काढू. शेपटी नको, अख्खा."

नाना लहान मुलासारखे हरखले. रविवारी पहिल्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. पायथ्याच्या गावाला उतरून तासभर चाललो, तेव्हा घळ लागली. दोन्ही बाजूंना काळा कातळ, मध्ये नदीचं घोट्याएवढं पाणी, आणि कातळाच्या खाचांमधून धायटीची लाल झुडपं लोंबकळलेली. वर, जिथं बोटभर माती नाही तिथं, सोनसावर. अंगावर पान म्हणून नाही, नुसती हातभर मोठी वाटावीत अशी पिवळीधमक फुलं. मी ती रोपवाटिकेत, पुस्तकात, चित्रात पाहिली होती. तिथं पाहून मला रडूच आलं आणि मी ते लपवलं नाही.

नाना मात्र कॅमेरा बाहेर काढेनात. "फुलना मांगे अंधारं पाहिजे," म्हणाले. फुलामागचा कातळ सावलीत जाईपर्यंत ते दीड तास दगडावर बसून राहिले. अक्का भाकरी सोडता सोडता मला म्हणाली, "मन्हा लगनना एक फोटू नही, आन् आठे झाडंझुडपंसना काढी रायनात. माय वं!"

"तुन्हा फोटो काढता, पन तू श्वास रोखशी का?" नाना म्हणाले. अक्का तोंडाला पदर लावून हसली.

ऊन सरकलं आणि नाना उठले. एकेक फूल म्हणजे पाच-सात मिनिटं. मी खाली वाळूत बसून फांद्यांचे नमुने वर्तमानपत्रात दाबत होते. माझ्या पेनची शाई उन्हानं आटली म्हणून मी नानांच्या कानावरची पेन्सिल उचलली आणि चिठ्ठ्या लिहायला लागले. चोवीस फ्रेम झाल्या तेव्हा मीच त्यांना थांबवलं. पलीकडच्या काठावर बहाव्याचं मोठं झाड होतं, अजून फुलायचं. "बारा ठेवा, नाना. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येईन तेव्हा बहावा काढू."

"ठेवतो," नाना म्हणाले आणि त्यांनी रोल गुंडाळून पिशवीत टाकला.

चैत्राच्या अखेरीस शिंदखेड्याला माझं लग्न झालं. आमच्याकडे नवरीची साडी पांढरी. वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले. फोटोला अर्थातच नाना. माझे आबा रेल्वेत, नरडाणा स्टेशनवर पॉइंट्समन होते. उभं आयुष्य खात्याच्या निळ्या कपड्यांत गेलं. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी काळा कोट शिवला, आयुष्यातला पहिला. त्या उन्हात मंडपातले लोक सदऱ्याच्या बाह्या वर करत होते आणि आबा गळ्यापर्यंत गुंड्या लावून घामानं निथळत होते. पण ते मंडपात सापडतील तर शपथ. चुलाण्यापाशी, पाण्याच्या पिंपापाशी, जावयाच्या मित्रांच्या दिमतीला. नानांनी अखेर त्यांना हाताला धरून माझ्याशेजारी आणून उभं केलं. "आबा, आते श्वास सोडानं नही!" आबांनी हुकूम पाळला. छाती काढली, गाल फुगवले. मी हसू दाबत उभी राहिले.

महिन्याभरानं मी माहेरी आले, तर नाना फोटो घेऊन स्वतः शिंदखेड्याला आले. एरवी घरात शिरताना दारातूनच बोलणारा माणूस मुकाट्यानं खाटेवर बसला. पाकीट माझ्या हातात दिलं आणि जमिनीकडे बघत राहिला.

तीन रोलांपैकी दोन उत्तम होते. मधल्या रोलवर फुलं होती. घळीतला रोल कोरा समजून नानांनी लग्नात चढवला होता. चोवीस फोटोंत लग्न आणि सोनसावर एकमेकांत मिसळलेली. सासूबाईंच्या अंबाड्यातून फांदी निघालेली, नवऱ्याच्या कपाळावर धायटी. उरलेल्या बारा फ्रेम, बहाव्यासाठी राखलेल्या, त्यांत सासरकडची पंगत मात्र लख्ख आली होती. आणि आबांचा माझ्याबरोबरचा एकुलता एक फोटो त्या चोवीसात होता. माझ्या पांढऱ्या साडीवर काही उमटलं नव्हतं. आबांच्या काळ्या कोटावर, खांद्यापासून खिशापर्यंत, पिवळी फुलंच फुलं. एक पाकळी गालावरही आलेली.

"चूक मनी शे, ताई," नाना म्हणाले. "बठ्ठी मनी शे."

मी तेव्हा काय काय बोलले ते आता लिहवत नाही. एवढं सांगते, की "तुमच्या फुलांच्या वेडापायी माझं लग्न नासलं" हे त्यातलं सौम्य वाक्य होतं. आबा मध्ये पडले. फोटो हातात घेऊन म्हणाले, "राहू दे गं, कोट चांगला दिसतोय." मी त्यांच्यावरही चिडले. नाना उठले, पाण्याचा पेला तसाच ठेवून गेले. मी त्यांना थांबा म्हटलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आबा गेले. दोन दिवसांचा ताप. शोकसभेत ठेवायला फोटो हवा म्हणून आम्ही घर धुंडाळलं. रेल्वेच्या ओळखपत्रावरचा नखाएवढा, शिक्का बसलेला फोटो सापडला, तो मोठा करून घेतला. त्यात आबा ओळखूच येत नव्हते. फुलांचा फोटो माझ्या ट्रंकेत तळाशी होता. तो काढावा असं माझ्या मनातही आलं नाही. उलट नानांवरचा राग आणखी घट्ट झाला. ते शोकसभेला आले, मागे उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

जळगावात मला शाळेत नोकरी मिळाली. मुलांना बीज कसं रुजतं ते शिकवायचं, घळीतल्या झाडांचं काम संपलं. आठ वर्षं अशीच गेली. मग आम्ही घर बदललं आणि माळ्यावरून नमुने दाबायची माझी जुनी लाकडी चौकट खाली आली. लग्नाच्या गडबडीत मी तिचे पट्टे आवळले होते, ते परत सोडलेच नव्हते. सोडले. वर्तमानपत्रांच्या घड्यांत सोनसावरीची फुलं, तपकिरी, विड्याच्या वाळक्या पानांसारखी. शेवटच्या घडीत लाल पेन्सिलीचा तुकडा. आणि त्याशेजारी माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: "सोनसावर. अनेरची घळ. फ्रेम २४ झाल्या, १२ बहाव्यासाठी."

डबीवर जायला हवा होता तो आकडा माझ्या चिठ्ठीवर होता. पेन्सिल परत द्यायची राहिली होती, म्हणून डबीवर आकड्याची पट्टी लागलीच नव्हती. मी त्या पसाऱ्यात खाली बसले. नवऱ्यानं काय झालं विचारलं, तेव्हा मी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरला गेले. स्टुडिओ बंद होता. आत खोलीत नाना भिंतीला टेकून बसलेले, छाती भात्यासारखी चाललेली. दम्यानं त्यांना पुरतं पोखरलं होतं. अक्कानं मला पाहिलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. मी पेन्सिल आणि चिठ्ठी नानांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी चिठ्ठी वाचलीच नाही. पेन्सिल उचलून बघितली आणि कानावर ठेवली.

"माले तवयच समजनं व्हतं, ताई," ते म्हणाले. "धुळेथीन फोटो उनात, देखात, आन् हात कानवर गया."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी इतकं टाकून बोलले. एका शब्दानं सांगायचं होतंत."

त्यांना धाप लागली. ती ओसरेपर्यंत मी थांबले. "सासरले जाणारी पोर," ते म्हणाले, "तिले चूक बांधी देऊ का संगे? आन् पेन्सिल तं मनी व्हती. कानवर शे का नही, हाई मीच देखाले पाहिजे व्हतं."

मी माफी मागायला आले होते. एसटीत मनात जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून फुटेना. मी श्वास रोखून बसले आहे हे मला कळलं ते नाना "हां, सोडा" म्हणाले तेव्हा. मग मी रडले. घळीत रडले होते तशीच, न लपवता. अक्कानं चहाचा कप माझ्या हातात कोंबला.

निघताना नानांनी विचारलं, "आबाना तो फोटो शे का, का फाडी टाका?"

"आहे. ट्रंकेत."

"आबानं मन्हाकडथीन एक मांगी लई गयथा," नाना म्हणाले. "शिरपूरले इसन. खिसाम्हा ठेवे. तुमले सांगू नका म्हने, तुम्ही रागे भरशात."

शोकसभेसाठी फोटो शोधताना आबांचे खिसे आम्ही पाहिलेच नव्हते. आबा त्या ओळखपत्रावरच्या फोटोसारखे नव्हते हे नानांना माहीत होतं, अक्काला माहीत होतं, आबांना स्वतःला माहीत होतं. मला एकटीलाच कळायला आठ वर्षं लागली.

पुढच्या चैत्रात बहावा काढायला जायचं, मी कॅमेरा धरायचा आणि नानांनी खाली बसून ओरडायचं, असं आमचं ठरलं होतं. नानांनी तेवढी वाट पाहिली नाही. थंडीतच गेले. अक्कानं मला ती पेन्सिल दिली. म्हणाली, शेवटपर्यंत कानावर होती.

आबांचा फोटो आता आमच्या बैठकीत लावलेला आहे. छाती काढलेली, गाल फुगलेले, काळ्या कोटावर सोनसावर भरभरून फुललेली. नवीन माणूस घरात आला की हटकून त्याच्यासमोर थांबतो. परवा शेजारच्या बाई थांबल्या, हळहळल्या आणि म्हणाल्या, "अरेरे, फोटोवाल्यानं केवढा घोळ घातला हो!"

"नाही," मी म्हटलं. "तो मी घातलाय."