आमचं फुकट सॉफ्टवेअर आणि नदीमचा पगार

फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे पैसे साठत नाहीत, किस्से साठतात. मी, वैशाली आणि नदीम अशा तिघांनी नाशकात बसून गोदामातला माल नोंदवायचं सॉफ्टवेअर बनवलं. कोणीही घ्या, वापरा, बदला. मी आणि वैशाली नोकरी सांभाळून हा उद्योग करायचो. नदीमने मात्र नोकरी सोडली होती. त्याची अम्मी मला दर वेळी विचारायची, "बेटा, इसकी तनखा कब शुरू होगी?" मी चहात बघायचो.

*

वेबसाइटवर देणगीचं बटण लावलं. पहिल्याच आठवड्यात तीन देणग्या आल्या, तिन्ही निनावी. आम्ही खुशीत मिसळ खायला गेलो. दुसरी तर्री येईपर्यंत उलगडा झाला. बाकीच्या दोघांचा धीर सुटू नये म्हणून प्रत्येकाने गुपचूप स्वतःचेच पैसे टाकले होते!

*

अंबडच्या एका कारखानदाराला सॉफ्टवेअर आवडलं. "कितीला?"

"फुकट."

त्याचा चेहरा पडला. "मग काहीतरी गडबड असणार."

शेवटी वैशालीने 'वार्षिक देखभाल' म्हणून बिल फाडलं, तेव्हा गडी खूश. वर्षभरात त्याने एकदाच बोलावलं, प्रिंटर चालत नव्हता म्हणून. आम्ही तिघेही गेलो.

*

कळवणच्या एका कांदा व्यापाऱ्याला मी धीर करून म्हटलं, "काका, थोडी मदत करा की."

"करतो ना. लय भारी हाय तुमचं. अजून धा जणांना फुकट देतो."

*

परदेशातल्या एका संस्थेकडे अनुदान मागितलं. अर्जात प्रश्न होता, पैसे मिळाले नाहीत तर प्रकल्पाचं काय होईल? मी छाती फुगवून लिहिलं, "काहीही होणार नाही, आम्ही काम चालूच ठेवू." त्यांनी आमचं मनापासून कौतुक केलं आणि पैसे दुसऱ्यांना दिले. दुसऱ्या दिवशी नदीमने बायोडाटा लिहायला घेतला.

*

'दोन वर्षं फुकट काम केलं' असं लिहू नकोस, हा सल्ला माझाच. त्याने ती दोन वर्षं मामाच्या दुकानात दाखवली. अंबडमध्ये एका मोठ्या कंपनीत नोकरी लागली. आता आपलं सॉफ्टवेअर संपलं, म्हणून मी खरंच खचलो.

पहिल्याच दिवशी दुपारी कँटीनमधून त्याचा फोन आला. साहेबांनी त्याला एक सॉफ्टवेअर दाखवलं होतं. नेटवर फुकट मिळालंय, पण सुधारणा खूप हव्यात, तुम्ही पूर्ण वेळ हेच करायचं, असं सांगितलं होतं. सॉफ्टवेअर आमचंच होतं.

मी म्हटलं, "अरे, मग सांगितलंस ना त्यांना, हे तूच लिहिलंय म्हणून?"

नदीम आवाज खाली आणून म्हणाला, "वेडा आहेस का? मग फुकट करून मागतील."