लूमवरची खूण

भूतखेत ह्या विषयात माझं रेकॉर्ड फार वाईट आहे. नवी नवरी असताना खाडीकडच्या हडळीच्या गोष्टी ऐकून मी काय करावं? पांढरं लुगडं नेसून, केस मोकळे सोडून नणंदेसमोर उभी राहिले! तिला ताप भरला, मी मात्र हसत सुटले. सातवी पास, पण तोरा बॅरिस्टरचा. तेव्हा माझ्यासारखीनं असलं काही लिहावं... हसा खुशाल. तेव्हा मी पण हसले असते.

आम्ही भिवंडीत, धामणकर नाक्याच्या मागे राहतो. आमचे हे जन्मभर लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर. कारखाना पाहिला नसेल त्यांना सांगते — त्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे हातानं बोलतात. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले, तर ह्यांनी चार माणसांत मला चिमूट करून दाखवली, झटकन उघडली आणि तळहात आडवा केला. मला वाटलं, काहीतरी भलतंच! डबा घेऊन तरातरा परत. संध्याकाळी उपाशी माणूस घरी आला तेव्हा कळलं — "धागा तुटला, लूम बंद करतो, थांब." मग मीही शिकले. सासूसमोर आमचं सगळं हातानंच चालायचं. चहा हवा, सिनेमाला चल, आई झोपली... पुढचं नाही सांगत.

ह्यांच्या किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं आणि हळूहळू माणूस पुसत गेला. आधी गल्ली चुकले, मग नातवंडांची नावं. डॉक्टर म्हणाले, "आजी, किडनी बिघडली की मेंदूलाही झळ बसते. हे वाढत जाणार." एक दिवस मलाच विचारलं, "कोन गो तू? डबा आनलास काय?" मी चहाची खूण केली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं... माशीकडे बघावं तसं. मोरीत जाऊन रडले. नाव विसरले असते तर चाललं असतं, पण आमची हातांची भाषा?

आणि मग डायलिसिसच्या सेंटरमध्ये, भर दुपारी, एक हात मशीनला जोडलेला असताना ह्यांचा दुसरा हात वर आला. चिमूट. उघडली. आडवा तळहात. समोरच्या बेडवरच्या चाचांकडे बघून! मी खुळी हरखले — आठवलं की हो!

चाचा बिस्कीट खात म्हणाले, "भाभी, भाईसाब पंखा बंद करवा रहे क्या?"

पुढच्या खेपेला चाचांचा बेड रिकामा. आदल्या दिवशी घरीच वारले होते.

योगायोग, म्हटलं. मग डायलिसिसलाच येणारी वडपे गावची एक वैनी होती, चांगली हसरी. "आजी, आजोबा मला टाटा करतात बघा." चिमूट उघडलेली मी पाहिली होती. तीही त्याच आठवड्यात गेली.

डॉक्टर म्हणाले, "हाताची सवय शेवटपर्यंत राहते." असेल. पण सवयीला माणूस कसा निवडता येतो? तेव्हापासून मी ह्यांचा मोकळा हात शालीखाली दाबून बसते. लोकांना वाटतं, म्हातारीचं प्रेम उतू चाललंय.

परवा सकाळी घरी ह्यांचे केस विंचरत होते. हे खुर्चीत, समोर आरसा, मी मागे उभी. माझ्या हातात कंगवा, म्हणून ह्यांचा हात मोकळा राहिला. आरशात बघून चिमूट केली... उघडली. तळहात आडवा.

आरशात आम्ही दोघंही होतो.

माझा असेल तर ह्यांना कोण बघणार? ह्यांचा असेल तर... मी पुढे जाऊन गुडघ्यांशी बसले. हातानं विचारलं, तोंडानं विचारलं, "अवो, सांगा ना, कोनाचा धागा तुटला?"

हे माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डबा ठेव नि जा गो. जाम आवाज हाय इथं."

घरात आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद होता.

ह्याचा अर्थ मला लागलेला नाही, आणि आता लागायला नको असं वाटतं. उद्या पुन्हा डायलिसिस आहे. शाल धुऊन वाळत घातलीय.