अकरा पाहुण्यांनी शिकवलेली नजर

“तुम्ही समोर बघून बोलता, हसता, नोकरी करता. ऑटिझम नाही वाटत.” अमरावतीच्या डॉक्टर मॅडमनी चाळीस मिनिटांत फाइल मिटली. मी थँक्यू म्हटलं, हसलेसुद्धा. बाहेर येताच मी तडक बस स्टँडकडे चालत सुटले. आई मात्र खुशीत होती. तिच्या मते पोरगी पास झाली होती.

मी छत्तीस वर्षांची. अकोल्यात बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदावर किती दाणे उगवले ते मोजायचं, हे काम मी दिवसभर करू शकते. गेल्या वर्षी साहेबांनी मला चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथून घरी आले की मी दार लावून फरशीवर पडायची. तोंडातून शब्द फुटायचा नाही. डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या, थायरॉइड तपासून झालं, डोक्याचा एमआरआय झाला. सगळं नॉर्मल. मग समुपदेशक बाईंनी ऑटिझमची तपासणी सुचवली. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असणं. साहेब म्हणाले, डॉक्टरचं लिहून आणा, परत आत बसवतो. त्या कागदासाठी मी अमरावती गाठली होती.

या तपासणीत रक्त घेत नाहीत. ‘डायग्नोस्टिक इंटरव्ह्यू’ घेतात, म्हणजे तुम्हाला विचारायचं, आईला विचारायचं, अन् तुमच्याकडे बघत बसायचं. मैत्रिणी आहेत का? मी म्हटलं, चार. कारण चार जणी माझ्या टेबलावर डबा खातात. त्या कशाला हसतात ते मला कळत नाही, पण ते कोणी विचारलं नाही. न विचारलेलं मी सांगत नाही. तीच तर माझी भानगड आहे.

आणि ती नजर कुठून आली ते ऐका. तेल्हाऱ्याच्या घरी मला लग्नासाठी पाहायला एकामागून एक अकरा पाहुणे आले. पहिले दोघं म्हणाले, पोरगी वर पाहतच नाही, मुकी आहे का? तेव्हापासून आदल्या संध्याकाळी आई माझी तालीम घ्यायची. भुवयांच्या मधात पाह्य. दोन वाक्यं झाली का एकदा हास. बोटं चाळवू नको, पदराखाली ठेव. याला ‘मास्किंग’ म्हणतात, म्हणजे वेगळेपण झाकून चारचौघांसारखं वागणं. डॉक्टरांनी मोजली ती माझी नजर नव्हती, आईची मेहनत होती.

परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर गेल्यावर मी आईला विचारलं, “मी खरंच वेळेवर बोलले होते?” दवाखान्यात तिनं तसं सांगितलं होतं.

आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “चार वर्साची होयेपर्यंत तू बोललीच नाही. पाहुणे आले का कापसाच्या खोलीत जाऊन बसे, मानेपर्यंत कापसात. मंग बोलाले लागली तवा सांगे, तिथं आवाज येत नाही.”

“मग तिथं काहून नाही सांगितलं?”

“अवं, परक्या मानसापुढं लेकीचं वाईट सांगते काय कोनी? शांत हाय, हुशार हाय, सयपाक येते, हेच सांगाचं असते.”

माझ्या डॉक्टरला तिनं खरोखर माझ्या भाकरीची चव सांगितली होती. मला इतका राग आला की अकोला येईपर्यंत मी तिच्याकडे पाहिलं नाही.

सगळे म्हणाले, जाऊ दे, दुसरा डॉक्टर पाहा. मी काहून पाहू? दोन आठवडे रोज घरी आल्यावर काय होतं ते लिहिलं, आणि वही अन् आईला घेऊन त्याच मॅडमसमोर त्याच खुर्चीत जाऊन बसले. बोटं चाळवत, फरशीकडे बघत बोलले.

मॅडमनी विचारलं, “आज नजर खाली?”

“आज मला कोणी पाहायला आलेलं नाही.”

त्यांनी पेन ठेवलं आणि वही वाचायला घेतली. मग आईकडे वळल्या. आईनं पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं, अन् कापसाची खोली सांगितली. सांगता सांगता रडली. तिचे उपकार मी विसरणार नाही, राग धरूनही. आणखी तीन भेटींनंतर मॅडम म्हणाल्या, “ऑटिझमच आहे. पहिल्यांदा मी फक्त उत्तरं ऐकली.”

तुमच्यापैकी कोणी असा इंटरव्ह्यू द्यायला जाणार असेल, तर चांगलं दिसायला जाऊ नका. घरी कशा असता ते लिहून न्या. ‘नाही’ आलं तर परत जा.

आईनं विचारलं, “हे बरं नाही होत?” मॅडम म्हणाल्या, हा आजारच नाही. आईनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, “म्हंजे त्या अकरा जनाइले पोहे उगाच खाऊ घातले.”

सोमवारी कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. “इकडं बघून बोला ना,” ते म्हणाले. मी कागदावर बोट ठेवलं. “त्यात लिहिलंय, का बघत नाही ते.” आणि आत दाणे मोजायला गेले.