माणूस बघून पैसे

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. शाळा चौथीत सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

साहेब बोलताना टेबलावर बोट ठेवायचे, ते थोडं खाली न्यायचे आणि मग एकदम कपाळाच्याही वर उचलायचे. धंदा आधी पडतो, मग असा चढतो, हा त्याचा अर्थ. समोरची मंडळी बोटामागोमाग छताकडे बघायची. छताला ओल होती.

सदर भागात एका बेकरीच्या वर त्यांचं ऑफिस. मी तिथे झाडपूस आणि कॉफी करायची. दुकानं-कारखान्यांसाठी कॉम्प्युटर-फोनवरचे प्रोग्राम बनवणाऱ्या नव्या कंपन्यांना साहेब सुरुवातीचे पैसे देत आणि बदल्यात हिस्सा घेत. कंपनी बुडाली की पैसेही बुडाले. दहातल्या नऊ बुडतात, एक सगळ्यांचं भरून काढते, असं ते सांगत. नऊ बुडतात हेही इतक्या ऐटीत सांगत, की ऐकणाऱ्याला बुडावंसं वाटे.

पैसे मात्र त्यांचे नव्हते. वडिलांना फॅक्टरीतून रिटायर होताना मिळालेले आणि वडिलांच्या मित्रांचे होते. बाबा मधूनमधून जिना चढून यायचे, दम खात विचारायचे, "काय करून राहिले रे आपले पैसे?"

"वाढून राहिले, बाबा."

तेव्हा भेडाघाटच्या मूर्तीवाल्यांसाठी काढलेली कंपनी नुकतीच बुडाली होती. छिन्नी खाली ठेवून फोनवर ऑर्डरी भरायला एकही कारागीर तयार झाला नव्हता. मग दुसरी बुडाली, तिसरी बुडाली. साहेबांनी नवी खुर्ची घेतली.

अशात गोहलपूरची एक मुलगी आली. वडिलांचा लेथ मशीनचा कारखाना. कारखान्यांनी एकमेकांना कामं द्यावीत, बिलं पाठवावीत, असा प्रोग्राम तिनं बनवला होता. साहेब खूश झाले. हार आले, खव्याची जिलेबी आली, दारापेक्षा रुंद चेक छापून आणला आणि फोटो निघाले. मुलगी हळूच म्हणाली, सर, हिस्स्याचे कागद? साहेब हसले. "बेटा, हम काग़ज़ नहीं, आदमी देखकर पैसा देते हैं." तिच्या वडिलांना म्हणाले, हे कर्ज नाही, परत करायचं मनातही आणू नका. त्या माणसाचा चेहरा उतरला. भल्या माणसाला असं कुणी सांगतं का?

कागदांचं तिनं पुन्हाही विचारलं. साहेब तेव्हा एका सभेत भाषण द्यायला निघाले होते. विषय होता, पैसे कुठे लावावेत.

आणि खरंच, तीच कंपनी चालली. इंदूर, रायपूरचे कारखाने जोडले गेले. साहेबांनी बाबांना मित्रांसकट बोलावलं आणि बोट इतकं वर नेलं की खुर्चीवरून उठावं लागलं. बाबा त्या दिवशी दोन कप कॉफी प्याले. एरवी ते माझ्या कॉफीला नावं ठेवायचे.

पुढच्याच आठवड्यात मुलगी वडिलांना घेऊन आली. इंदूरचा कुणी मोठा पैसेवाला कंपनीत पैसे लावायला येत होता; त्याआधी सगळी देणी मिटवायची होती.

"साहब, आपने बखत पर दिया," वडील म्हणाले. "हमारे यहाँ ऐसे आदमी का सबसे पहले लौटाते हैं." पैसे त्यांनी सकाळीच साहेबांच्या खात्यात भरले होते.

साहेब म्हणाले, अहो, माझा तर हिस्सा आहे. वडिलांनी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "काग़ज़ तो बने ही नहीं, सर."

मी कॉफी घेऊन उभी होते. कुठे ठेवावी कळेना. इतके दिवस मनात हसत आले होते, त्या वेळी हसू आलं नाही. बाबांना कुणी काय सांगायचं?

वडिलांनी पावती घरून लिहून आणली होती. साहेबांनी बराच वेळ खिसे चाचपले, शेवटी मुलीनंच पेन दिलं. दिली होती तेवढी पूर्ण रक्कम परत मिळाली, काही बाकी नाही, असं त्यात होतं. साहेबांनी सही केली.